उपाशीपोटी यावे, चटई सोबत आणावी

आमच्या घरात पायाच्या अंगठ्याला हात लावू शकणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे आई. बाकीचे आम्ही दोघं, म्हणजे बाबा आणि मी, तत्त्वाचे लोक आहोत.

तत्त्व आमच्याकडे पत्रकांमधून आलं. बाबांनी उभं आयुष्य वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांत हमाली केली आणि हमालांची संघटना चालवली. संघटना म्हटली की पत्रक आलं, आणि पत्रक म्हटलं की उरलेले गठ्ठे आले. त्या गठ्ठ्यांवर मी लहानाची मोठी झाले. कोऱ्या बाजूवर गणितं सोडवली, छापील बाजूवर वाचायला शिकले. वर्गातली बाकीची मुलं अननसाच्या 'अ'पासून सुरू झाली, मी अन्यायाच्या 'अ'पासून. बाईंनी पहिलीत 'अ' कशाचा असं विचारलं तेव्हा मी उभं राहून, हात वर करून, पूर्ण परिच्छेदात उत्तर दिलं होतं. (दुसऱ्या दिवशी बाबांना शाळेत बोलावलं. बाबांना वाटलं, सत्कार आहे. ते नवा शर्ट घालून गेले.)

पुढे मी स्वतःच पत्रकं लिहू लागले. वस्तीत कुणाचंही काहीही अडलं की मजकूर माझा. नालीवर लिहिलं, पथदिव्यांवर लिहिलं, गल्लीत उलटे शिरणाऱ्या ट्रकांवर तर मालिकाच लिहिली. यांपैकी एकाही पत्रकाने काही घडलं असं माझ्या ऐकिवात नाही. पण भाषेचं कौतुक सगळ्यांनी केलं.

ही सगळी पत्रकं मी पलंगावर, पोटाशी उशी घेऊन, मोबाइलवर मान घालून लिहिली. त्यामुळे एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी माझी मान धरली. मला उजवीकडे पाहताच येईना. (बाबा म्हणाले, काही बिघडत नाही.) डॉक्टरांनी मान दाबून पाहिली, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, योगा सुरू करा.

आता अडचण अशी की कॉलेजात असताना मी योगाविरुद्ध पत्रक काढलं होतं. पोटात अन्न नाही त्याला कपालभाती शिकवू नका, असं त्याचं पहिलं वाक्य होतं, आणि ते मला अजूनही चांगलं वाटतं. श्वासाने व्यवस्था बदलत नाही, हे दुसरं. अशा माणसाने कोणत्या तोंडाने चटई अंथरायची? मी डॉक्टरांना हे समजावून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग दुसऱ्या बाजूला वळून बोला, तुमच्या मानेला त्रास होतोय.

त्याहून मोठी अडचण घरातच होती. आई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली तेव्हा तिची कंबर इतकी दुखायची की खडू पडला तर तिला टेबल धरून खाली जावं लागायचं. मग ती कुठूनतरी योग शिकली, तिला बरं वाटलं, आणि गंमत म्हणजे तिने तिथेच न थांबता शिक्षिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केला. वस्तीतल्या बायांसाठी सकाळचा वर्ग घ्यायचा, असं तिच्या मनात आलं. त्यासाठी तिला विहाराचा हॉल हवा होता.

विहार समितीचे अध्यक्ष मेश्रामकाका. त्यांच्याकडे आईचा अर्ज गेला आणि बैठक बसली. एकाने विचारलं, हे आपलं आहे का? आईने समोरच्या बुद्धमूर्तीकडे बोट केलं.

"पाठ पाहा किती ताठ आहे ते. आपल्या बायांची पाठ तशी करायची आहे मले. बाकी काही नाही."

विचारणाऱ्याने स्वतःची पाठ सरळ केली. पण हॉलसाठी दुसराही अर्ज होता. मागच्या गल्लीतल्या एका तरुणाला त्याच वेळेत झुंबा घ्यायचा होता आणि त्याच्याकडे स्वतःचा स्पीकर होता. समितीला स्पीकरचा मोह पडला. शेवटी मेश्रामकाकांनी तोडगा काढला: येत्या रविवारी सुमनबाईंनी, म्हणजे आईने, विहारापुढच्या मैदानात एक वर्ग घेऊन दाखवावा. लोक आले तर हॉल त्यांचा, नाही आले तर झुंबाचा.

आई घरी येऊन भाकरी थापत बसली. जन्मभर तिने लोकांच्या पोरांसाठी काळे फळे, खडू, खिचडीचे तांदूळ मागितले होते. स्वतःसाठी काही मागितल्याची ही पहिलीच वेळ होती. मान धरलेली असूनही मला तेवढं दिसलं. तत्त्व बाजूला ठेवून मी म्हटलं, मी येते वर्गाला. बाबाही म्हणाले, येतो. (त्यांना वाटलं, संख्याबळाचा प्रश्न आहे.)

आईने आधी आमच्यावर सराव करायचं ठरवलं. आमची पुढची खोली अशी आहे की तिघांनी एकदम हात पसरले तर एकाचा हात टीव्हीमागे जातो. आई म्हणाली, डोळे मिटा, आता सावकाश श्वास घ्या.

"काहून?" मी विचारलं.

"श्वास घ्यायले कारण लागते का तुले?"

मी म्हटलं, कारण समजल्याशिवाय मी आजवर कोणतीही सूचना पाळलेली नाही.

"मंग नको घेऊ," आई म्हणाली आणि शांतपणे माझ्याकडे पाहत बसली.

थोड्या वेळाने मला घ्यावा लागला. हरलेले वाद मी सहसा सांगत नाही, पण हा वाद मी श्वासोच्छ्वासाला हरले.

बाबांची तऱ्हा वेगळी. आईने हात वर करायला सांगितले की बाबांचा एकच हात वर जायचा आणि वर पोचेपर्यंत त्याची मूठ झालेली असायची. आई म्हणायची, मूठ सोडा. बाबा म्हणायचे, सोडली. मग ते वर पाहायचे आणि स्वतःच चकित व्हायचे. पुढे वाकायच्या वेळी ते गुडघ्यापर्यंत पोचले, तिथे थांबले आणि म्हणाले, "सुमन, सध्या एवढ्यावर तडजोड करू."

माझे हात आणि माझे पाय यांच्यातली बोलणी तर पहिल्याच दिवशी फिसकटली. एका पायावर झाडासारखं उभं राहायचं होतं. मी उभी राहिले, झाड डोलू लागलं आणि पिठाच्या डब्यावर उन्मळून पडलं. बाबांनी मला झटकून उभं केलं. आई म्हणाली, तू आपली पत्रक लिही, ते तुले येते.

इथून पुढे जे झालं त्याची सुरुवात आईच्या या एका वाक्यापासून झाली.

आईला हवं होतं ते तिने मोजक्या शब्दांत सांगितलं. योगवर्ग आहे. रविवारी सकाळी सहाला, विहाराच्या मैदानात. उपाशीपोटी यायचं. चटई आणायची. शेवटी थोडा वेळ सगळ्यांनी आडवं व्हायचं. एवढंच लिही, म्हणाली, आणि वाटून टाक.

मी म्हटलं, आई, अशा मजकुराने माणूस कुशीवरसुद्धा वळत नाही. मजकूर माझ्यावर सोड.

मी पलंगावर बसले, उशी घेतली आणि पहिल्याच शब्दावर अडले. योग. हा शब्द मी माझ्या लेखणीतून (म्हणजे अंगठ्यातून) कसा उतरवणार? उद्या कुणी कॉलेजातलं जुनं पत्रक समोर धरलं तर? विचार करता करता मार्ग सापडला. शब्द टाळायचा, आशय ठेवायचा. आशयाला माझा विरोध नव्हता. तासाभरात पत्रक तयार झालं. ते असं:

'बंधूंनो आणि भगिनींनो, किती दिवस सहन करणार? मान झुकली, कंबर मोडली, दम कोंडला! आता पुरे! मोकळा श्वास हा आपला हक्क आहे आणि तो कुणी घरपोच आणून देणार नाही! रविवारी सकाळी सहा वाजता विहारापुढील मैदानात मोठ्या संख्येने जमा. उपाशीपोटी यावे. चटई सोबत आणावी. अखेरीस सर्वजण जमिनीवर आडवे होतील. ताठ कण्याच्या माणसाला कुणी हलवू शकत नाही!'

खाली निमंत्रक म्हणून माझं नाव.

कागदावर उतरवून मी ते बाबांना दिलं, त्यांनी उभ्याने वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, किती वर्षांनी असं पत्रक हातात आलं. मग पेन मागून त्यांनी शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली: 'निकाल लागल्याशिवाय उठायचे नाही!' (त्यांच्या मते निकाल म्हणजे हॉल. संदर्भ स्पष्ट होता. आम्हा दोघांना.)

आई तेव्हा कुकरपाशी होती. तिने तिथूनच विचारलं, योगाचं सगळं आलं ना त्यात?

"आशय पूर्ण आला आहे," मी म्हणाले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी लिहिताना मला संबंधित वाटली नव्हती. मे महिना लागला होता. आमच्या वस्तीला उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं आणि त्या आठवड्यात टँकर आलाच नव्हता. टँकरवाल्या ठेकेदाराचं आवार आमच्याच गल्लीच्या टोकाला आहे. तिथून भरलेले टँकर रोज सकाळी आमच्या दारावरून जायचे आणि अमरावती रोडवरच्या लग्नाच्या लॉनमध्ये रिकामे व्हायचे. लग्नसराई होती. लॉनवाले रोख देत होते.

बाबा आणि मी घरोघर पत्रकं वाटली. असा प्रतिसाद मला कधी मिळाला नव्हता. एरवी लोक पत्रक घेतात आणि त्यावर भजी काढतात. या वेळी दारात उभं राहून वाचत होते. शेजारच्या कांताकाकूंनी शेवटपर्यंत वाचून माझा हात घट्ट धरला.

"येते वं माय. आमच्या घरचे सगळेच येतो. लय सहन केलं."

मला वाटलं, काकूंचे गुडघे. पुढच्या घरी एका आजोबांनी चिंतेने विचारलं, पोलीस येतील का? मी हसून म्हटलं, आले तर त्यांनाही बसवू. आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांनी पत्रक मागून घेतलं, मराठी येणाऱ्याने न येणाऱ्यांना समजावून सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. योगाबद्दल कष्टकऱ्यांमध्ये एवढी ओढ असेल याची मला कल्पना नव्हती. मी मनातल्या मनात कॉलेजातलं पत्रक मागे घेतलं.

रविवारी मी पहाटे उठले. हे एक वाक्य लिहायला सोपं आहे, पण मी सूर्योदय शेवटचा कधी पाहिला ते मला आठवत नाही. आणि पहाटे उठले की मला जोराची भूक लागते. आई पुढे गेली होती. फ्रिजमध्ये रात्रीची पाटोडीची भाजी होती. उपाशीपोटी यावे हे मी लोकांसाठी लिहिलं होतं. मी तीन पोळ्या खाल्ल्या आणि निघाले.

मैदान भरलं होतं. नुसतं भरलं नव्हतं, मैदानात मावेनात म्हणून लोक गल्लीतल्या डांबरी रस्त्यावर चटया टाकून बसले होते. बाया, बाप्ये, गोदामातले हमाल, ट्रक ड्रायव्हर, सगळे उपाशीपोटी आणि गंभीर. मेश्रामकाका विहाराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते आणि गर्दीकडे समाधानाने पाहत होते. झुंबावाला तरुण स्पीकर पायाशी ठेवून कोपऱ्यात उभा होता. आई नवा पांढरा सलवार-कुर्ता घालून पायरीवर उभी होती. जन्मात पहिल्यांदा तिने साडीऐवजी हे घातलं होतं, आणि ओढणीचं काय करायचं ते तिला समजत नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते.

"करुणा, तुह्या लिहिण्यात दम आहे वं," ती म्हणाली. "मले वाटलं, दहाबारा जणी येतील."

मी नम्रपणे खाली पाहिलं. तेव्हा मला बकेटी दिसल्या. प्रत्येक चटईजवळ एक रिकामी बकेट. काहींकडे कॅन. एका काकांनी तर निळा ड्रम गडगडत आणला होता. मी आईला विचारलं, बकेटी कायले आणल्या यांनी?

"जलनेतीचं, नाकातून पाणी काढायचं ते, वाचलं असंन कुठं," आई कौतुकाने म्हणाली. "पण पहिल्या दिवशी नाही करत ते."

तेवढ्यात कांताकाकू मैदानात आल्या. त्यांच्या घरच्या सगळ्यांनी मिळून जुन्या पांढऱ्या चादरीवर कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: टँकर आमच्या हक्काचा.

मी चादर वाचली. बकेटी पाहिल्या. आणि माझं पत्रक पहिल्या शब्दापासून माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. किती दिवस सहन करणार. उपाशीपोटी. चटई. आडवे. निकाल लागल्याशिवाय. त्या धक्क्याने, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, माझी मान उजवीकडे वळली. उजवीकडे बाबा उभे होते. त्यांनीही चादर वाचली होती. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी तो संघटनेच्या जुन्या दिवसांनंतर पाहिला नव्हता. त्यांच्याकडून मदतीची आशा नव्हती.

मी आईच्या कानाशी गेले आणि खरं काय ते सांगितलं. आईने एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"योग हा शब्दच नाही टाकला?"

"आशय..."

"आशय," आई म्हणाली. बस, एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ती ओढणी कमरेला घट्ट बांधली. मला समजत होतं तिला काय दिसतंय ते. खरं सांगावं तर हे लोक चटया गुंडाळून घरी जातील, मैदानात झुंबावाला उरेल. न सांगावं तर शिक्षिकेने लोकांना फसवल्यासारखं होईल. आणि या दोन्हींच्या मधोमध कांताकाकू येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, घोषणा कधी द्यायच्या?"

आईने त्यांच्याकडे पहिलीतल्या मुलीकडे पाहावं तसं पाहिलं.

"कांता, खरं सांगू का? हे आंदोलन नाही, योगाचा वर्ग आहे. माह्या पोरीनं लिहिण्यात घोळ केला. पण तुम्ही सगळे उपाशी आले, चटया आणल्या. टँकर अजून निघायचा आहे. तोवर वाट पाहत नुसतं बसण्यापेक्षा पाठ सरळ करून घ्या."

काकूंनी मागे वळून हे सगळ्यांना सांगितलं, त्यांच्या आवाजात, म्हणजे गोदामापर्यंत गेलं. माझ्याकडे जे पाहिलं गेलं त्याचं वर्णन मी करणार नाही. पण कुणी उठलं नाही. एवढ्या लवकर उठून आलोच आहोत तर होऊन जाऊ द्या, असं एक हमाल म्हणाला, आणि वर्ग सुरू झाला.

पहिल्या रांगेत बाबा होते. आई म्हणाली, हात वर. बाबांची मूठ गेली. मागच्या रांगांनी बाबांकडे पाहून मुठी वर केल्या. आई म्हणाली, श्वास घ्या. बाबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, घेतलाच पाहिजे! सगळ्या मैदानाने उत्तर दिलं, घेतलाच पाहिजे! समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. आई शांतपणे म्हणाली, "मनातल्या मनात." मग पुढचे सगळे श्वास लोकांनी मनातल्या मनात मागणी केल्यासारखे घेतले.

हळूहळू मात्र गंमत झाली. पोटावर झोपून छाती वर उचलायचं आसन आलं आणि हमालांच्या पाठी कडाकड मोकळ्या झाल्या, त्याचा आवाज रांगेरांगेतून ऐकू आला. एकजण म्हणाला, बापा, हे काय आहे बे. कांताकाकू वाकल्या आणि त्यांचे हात सहज अंगठ्याला लागले. त्यांनी विजयी मुद्रेने आजूबाजूला पाहिलं. माझे हात नडगीपाशी लोंबत होते.

एवढ्यात हवालदार आला. चादर, बकेटी आणि एवढी माणसं पाहून त्याने मोटारसायकल लावली. ओरडून विचारणार तोच आईने ओठांवर बोट ठेवलं. त्याचा आवाज आपोआप खाली आला. तो माझ्याजवळ उकिडवा बसला आणि कुजबुजत विचारू लागला, निमंत्रक कोण? मी कुजबुजले, मी. मागणी काय आहे? जन्मभर या प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ होतं. त्या दिवशी मला काहीच सुचेना. मी म्हटलं, मोकळा श्वास. हवालदाराने बराच विचार केला. मग पट्टा एक भोक सैल करून तो ओट्यावर जाऊन बसला.

शेवटी शवासन. आईने सगळ्यांना उताणं झोपायला सांगितलं. पाय सैल, हात सैल, जबडा सैल. तिचा तो आवाज ऐकत तीन पिढ्यांनी दुपारच्या शाळेत डुलक्या काढल्या आहेत. मी रस्त्यावरच्या शेवटच्या रांगेत होते. डांबर अजून गार होतं, पोटात पाटोडी होती. एवढं आठवतं.

पुढचं मला इतरांनी सांगितलं.

गल्लीच्या टोकाच्या आवारातून पाण्याने भरलेला टँकर निघाला. लॉनकडे. रस्त्यावर माणसं पडलेली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. काही बाया दचकून उठू लागल्या. आई म्हणाली, कुणीही झटक्यात उठायचं नाही, चक्कर येते. आधी सगळं अंग सैल, मग कुशीवर वळायचं, मग हळूच बसायचं, आणि मी सांगितल्यावरच. म्हणजे नियमानुसार बोलली. शवासन अर्धवट सोडत नाहीत. सगळे पुन्हा आडवे झाले. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. हवालदाराने त्याला हाताने खुणावलं, अरे हळू, लोक झोपले आहेत.

ड्रायव्हरने फोन लावला आणि ठेकेदाराचा माणूस धावत आला. त्याच्या हातात माझं पत्रक होतं. टँकरच्या चाकापुढे सगळ्यांत पहिली मी होते. जबडा सैल. हॉर्न ऐकून बाकीच्यांच्या पापण्या तरी हलत होत्या, माझं काहीच हलत नव्हतं. त्याने पत्रकावरचं 'उपाशीपोटी' वाचलं आणि घाबरून विचारलं, ही पोरगी कवापासून उपाशी आहे?

कांताकाकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "तिलेच विचारा. बोलली तर."

तो माझ्यावर वाकला. दोनदा ताई म्हणाला. मी बोलले नाही. पडलेल्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर पहिलं नाव कुणाचं येईल, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने वळून ड्रायव्हरला सांगितलं, लॉन गेलं खड्ड्यात, पाइप काढ इथंच.

आईने तेव्हा, असं बाबा सांगतात, अगदी त्याच सुरात म्हटलं, "आता सावकाश कुशीवर वळा. बसा. बकेटी घ्या. ओळीनं."

मला जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. ऊन वर आलं होतं. मैदानातले सगळे टँकरमागे ओळीत होते, रस्त्यावर मी एकटी आडवी होते, आणि चाकापाशी बाबा खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले होते. निकाल लागला, ते म्हणाले.

दुपारपर्यंत कुणीतरी काढलेला माझा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. तोंड उघडं, हात पसरलेले, मागे टँकर. खाली लिहिलं होतं: उपोषणकर्त्या तरुणीची प्रकृती खालावली. जुन्या कॉलेजमित्रांनी पाठिंब्याचं पत्रक काढलं. (भाषा चांगली होती.) संध्याकाळच्या बसने भिवापूरची आत्या रडत आली, सोबत पिशवीभर गावच्या मिरच्या आणि लिंबूपाणी पाजायचा निर्धार घेऊन. मी जेवत होते. आत्याने मला जेवताना पाहिलं, मिरच्यांची पिशवी खाली ठेवली आणि आईला म्हणाली, हिचं काय उपोषण होणार होतं, लहानपणापासून पाहते मी.

मेश्रामकाकांनी हॉल आईला दिला. झुंबावाला आता आईकडे येतो, त्याचीही कंबर धरली आहे. दुसऱ्या रविवारचं पत्रक आईने स्वतः लिहिलं: योगवर्ग. सकाळी सहा. चटई आणावी. हॉल भरला. हे मला अजून नीट समजलेलं नाही.

मी रोज जाते. मान दोन्ही बाजूंना वळते, हात नडगीच्या खाली गेलेले नाहीत, आणि आई मला आसनं करताना कुणाला फारसं दाखवत नाही. फक्त वर्ग संपताना, नव्या बाया आल्या असल्या की, ती मला पुढे बोलावते, उताणं झोपवते आणि त्यांना सांगते:

"शवासन कसं करावं, ते हिच्याकडून पाहा. याच आसनात हिनं टँकर आणला."

मी जबडा सैल सोडते.